ज्याचें माप त्यास : निद्रा, व्यायाम आणि सायकल

आरोग्याविषयींचे संकल्प बहुधा मोठे केले जातात, आणि मोठे केले जातात म्हणूनच ते लवकर मोडतात. पाडव्याच्या दिवशीं घरांतील एखादा तरुण पहांटे चारला उठून शंभर सूर्यनमस्कार घालण्याचा निश्चय करितो. पहिल्या दिवशीं शंभर होतात, दुसऱ्या दिवशीं मांड्या-पोटऱ्या भरून येतात, आणि हनुमानजयंती येण्यापूर्वींच सतरंजी पुन्हां माळ्यावर जाऊन पडते. या अनुभवावरून पुष्कळ लोक असें अनुमान काढितात कीं, आपल्या अंगीं निग्रहच नाहीं. आमच्या मतें हें अनुमान बरोबर नाहीं. दोष निग्रहाचा नसून मापाचा आहे. वैद्यकांत औषधाच्या गुणाइतकेंच महत्त्व त्याच्या मात्रेस असतें. तीच गोष्ट निद्रेस लागू आहे, व्यायामास लागू आहे, आणि, वाचकांस नवल वाटेल, पण आपण ज्या सायकलीवर बसतों तिच्या सीटच्या उंचीसही लागू आहे. ज्याचें माप त्यास मिळावें, एवढें एक सूत्र धरून घराच्या नित्यक्रमांत कोणते लहान फेरफार करतां येतात, तें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

निद्रा

चरकसंहितेंत शरीर तोलून धरणारे तीन उपस्तंभ सांगितले आहेत : आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. यांपैकीं आहाराची चर्चा आपल्या घरांत दिवसांतून दहा वेळां होते. उपवासास काय चालतें, कोणास काय बाधतें, कोणत्या भाजीनें वात होतो, याविषयीं प्रत्येकाचें कांहीं ना कांहीं मत असतें. निद्रेची चर्चा मात्र कोणी आजारी पडल्याखेरीज निघत नाहीं. उलट, कमी झोपणें हें कर्तृत्वाचें आणि अधिक झोपणें हें आळसाचें लक्षण मानण्याची रूढी पडून गेली आहे. आजचें शास्त्र या रूढीस अनुकूल नाहीं. अमेरिकेंतील निद्राशास्त्राच्या दोन प्रमुख संस्थांनीं २०१५ सालीं एकत्र विचार करून, प्रौढ मनुष्यास रोज किमान ७ तास झोप मिळावी, असा निर्णय दिला. पुढील वर्षीं मुलांविषयीं जें माप प्रसिद्ध झालें तें असें : ६ ते १२ वर्षांच्या मुलास ९ ते १२ तास, आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलामुलींस ८ ते १० तास.

हें दुसरें माप पालकांनीं विशेष लक्षांत घ्यावें. आम्हीं तीसाहून अधिक वर्षें वर्गांत घालविलीं आहेत. पहिल्या तासास ज्याचे डोळे मिटूं लागतात तो मुलगा दरवेळीं उनाड असतोच असें नाहीं. पुष्कळदां तो घरांतील अत्यंत अभ्यासू मुलगा असतो. रात्रीं अकरापर्यंत शिकवणीचा गृहपाठ, पहांटे चारला पाठांतर, आणि मध्यें पांच तासांची झोप, असा त्याचा क्रम असतो. दिवसा जें वाचलें तें मनांत पक्कें बसविण्याचें कार्य मेंदू बऱ्याच अंशीं निद्रेंत करितो, ही गोष्ट आतां सर्वमान्य झाली आहे. म्हणजे झोप तोडून केलेलें पाठांतर एका हातानें मिळवून दुसऱ्या हातानें गमावल्यासारखें होतें. शिवाय वयांत येणाऱ्या मुलांचें शरीरांतील घड्याळ निसर्गतःच थोडें मागें पडतें. त्यांस झोप उशिरां येते व जागही उशिरां येते. हें घड्याळ केवळ अलंकारिक नव्हे. सजीवांच्या पेशींत तें कसें चालतें, हें फळमाशीवरील प्रयोगांतून उलगडून दाखविल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या तिघां शास्त्रज्ञांस २०१७ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

येथें कोणी विचारतील कीं, मग ब्राह्ममुहूर्तावर उठण्याच्या शिकवणुकीचें काय करावयाचें? आमचें उत्तर असें कीं, ती शिकवण सोडण्याचें कारण नाहीं, तिचा हिशेब मात्र पुरा केला पाहिजे. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयापूर्वीं दोन मुहूर्त, म्हणजे ९६ मिनिटें आधीं, सुरू होतो. सूर्योदय सहाला असेल तर उठण्याची वेळ ४ वाजून २४ मिनिटें. ७ तासांची झोप हवी असेल तर रात्रीं साडेनवाच्या आधींच डोळा लागला पाहिजे. ज्या काळीं दिवेलागणीनंतर जेवणें उरकून घर निजत असे, त्या काळीं हें सहज जमत होतें. आज जेवणास साडेनऊ वाजतात, आणि त्यानंतर हातांत मोबाईल येतो. अशा घरांत केवळ उठण्याची वेळ जुनी ठेवून निजण्याची वेळ नवी केली, तर त्यांत धर्मही साधत नाहीं आणि आरोग्यही साधत नाहीं. वाग्भटानेंही हा नियम स्वस्थ, म्हणजे निरोगी, मनुष्यास उद्देशून सांगितला आहे, हें विसरूं नये.

आतां एका नाजूक परंतु अत्यावश्यक मुद्याकडे वळूं. एकत्र कुटुंबांत निद्रा ही एकट्यादुकट्याची बाब नसते. घराच्या धान्याप्रमाणें तिचीही वांटणी होत असते. रात्रीं स्वयंपाकघराची आवराआवर करून शेवटचा दिवा कोण मालवितें, आणि सकाळीं नळाचें पाणी भरण्यास व मुलांचे डबे करण्यास पहिल्यानें कोण उठतें, हें प्रत्येक घरानें एक आठवडाभर भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून पाहावें. बहुतेक घरांत दोन्ही ठिकाणीं एकच नांव येईल, आणि तें घरच्या सुनेचें असेल. सासरे साडेनवाला निजून पांचला उठतात व लवकर उठण्याची थोरवी सांगतात. सून साडेअकराला निजून पांचलाच उठते, आणि दुपारीं तिची पापणी मिटली तर "दिवसा झोपूं नये" हें शास्त्र तिला ऐकविलें जातें. शास्त्राचा आधार घ्यावयाचा तर तो पुरा घ्यावा. दिवानिद्रा ग्रीष्म ऋतूखेरीज इतर ऋतूंत वर्ज्य सांगणाऱ्या चरकानेंच तिचे अपवादही सांगितले आहेत. अध्ययनानें थकलेले, कामानें थकलेले, ओझें वाहून व वाट चालून थकलेले, वृद्ध, बालक व अशक्त, यांस त्यानें सर्व ऋतूंत दिवसा निजण्याची मोकळीक दिली आहे. पहांटे पांचपासून उभी असलेली स्त्री या यादींत बसत नसेल, तर मग कोण बसणार? दुपारीं वीस ते तीस मिनिटें डोळा मिटला तर रात्रीच्या झोपेस धक्का लागत नाहीं आणि पुढचा दिवस सुसह्य होतो.

याहूनही बरा उपाय म्हणजे कामाचीच वांटणी करणें. रात्रीचें जेवण अर्धा तास आधीं घ्यावें. ज्यानें त्यानें आपलें ताट उचलावें व आपलें अंथरुण आपण घालावें. पाणी भरण्याची पाळी कर्त्या पुरुषांनीं व मोठ्या मुलांनीं घ्यावी. यांत पैसा खर्च होत नाहीं, आणि घरांतील एका माणसास रोज एक तास झोप अधिक मिळते. वर्षाच्या शेवटीं त्या घराची प्रकृति, व त्याबरोबर त्या घराची वाणीही, सुधारलेली दिसेल.

साधनांविषयीं थोडें सांगतों. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झाल्यापासून प्रवरेच्या पाटांनीं आमच्या भागाचें सोनें केलें. परंतु ओल आली तेथें डासही आले. तेव्हां उदबत्त्यांच्या धुरांत निजण्यापेक्षां चांगली मच्छरदाणी लावावी. गाद्या, गोधड्या व उशा आठवड्यांतून एकदां उन्हांत टाकाव्यात. मोबाईल रात्रीं निजण्याच्या खोलीबाहेर ठेवावा, व गजरासाठीं साधें घड्याळ आणावें. चहाचा शेवटचा पेला चारच्या आधीं घ्यावा. चहाकॉफींतील उत्तेजक द्रव्य अर्धें ओसरण्यास सामान्यतः पांच तासांच्या आसपास वेळ लागतो, म्हणजे सायंकाळीं सातला घेतलेला चहा मध्यरात्रीपर्यंत अर्धा शिल्लक असतो. आणखी एक गोष्ट. मोठ्यानें घोरणें हें गाढ झोपेचें लक्षण समजलें जातें. तसें तें नाहीं. घोरतां घोरतां श्वास थांबून माणूस दचकत असेल, व दिवसा बसल्या जागीं त्यास डुलकी येत असेल, तर विनोद न करितां त्यास डॉक्टरांकडे न्यावें.

व्यायाम

निद्रेचें माप वयावरून ठरतें. व्यायामाचें माप शक्तीवरून ठरतें. याविषयीं आपल्या ग्रंथांनीं सांगितलेला नियम इतका शहाणपणाचा आहे कीं, त्यास अद्याप बाध आलेला नाहीं. वाग्भट म्हणतो कीं, बलवान् व स्निग्ध आहार घेणाऱ्या मनुष्यानेंही अर्ध्या शक्तीनेंच व्यायाम करावा, आणि तोही शीतकाळीं व वसंतांत. इतर ऋतूंत त्याहून कमी. अर्धी शक्ति झाली हें ओळखावें कसें, तेंही सांगितलें आहे : कपाळीं, नाकावर व काखेंत घाम येतो, तोंडास कोरड पडूं लागते, तेथें थांबावें. आजचे डॉक्टर हीच गोष्ट दुसऱ्या रीतीनें सांगतात. चालतांना शेजारच्या माणसाशीं बोलतां येतें, परंतु गाणें म्हणतां येत नाहीं, अशा गतीस ते मध्यम व्यायाम म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं दिलेल्या मापाप्रमाणें प्रौढांस आठवड्यांतून १५० ते ३०० मिनिटें असा मध्यम व्यायाम हवा, व त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंस बळ देणारा व्यायाम हवा. मुलांस रोज सरासरी ६० मिनिटें खेळ अथवा धांवपळ हवी. ६५ वर्षांवरील स्त्रीपुरुषांस आठवड्यांतून तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायामही हवा. ही शेवटची सूचना आम्हां वृद्धांनीं मनावर घ्यावी. म्हातारपणीं न्हाणीघरांत पाय घसरून खुब्याचें हाड मोडलें म्हणजे चालता-बोलता मनुष्य अंथरुणास खिळतो, आणि त्याबरोबर सारें घरही त्या अंथरुणास बांधलें जातें. त्यावरील उपाय अगदीं साधा आहे. भिंतीला अथवा ओट्याला एक हात लावून एका पायावर दहा अंक म्हणेपर्यंत उभें राहावें, मग दुसऱ्या पायावर. खुर्चीवर बसून हातांचा आधार न घेतां दहा वेळां उठावें. पूर्वीं पाटावर बसून जेवतांना व देवपूजा करितांना हें उठणें-बसणें आपोआप होत असे. टेबल-खुर्ची आली आणि मांड्यांचें तेवढें बळ नकळत गेलें. गुडघे दुखत नसतील त्यांनीं निदान एक वेळचें जेवण पाटावर बसून घ्यावें.

तरुणांस सूर्यनमस्कार सांगण्याची आवश्यकता महाराष्ट्रांत नसावी. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांत ते सुरू केले व त्यांवर ग्रंथ लिहून त्यांचा प्रसार केला. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचें, आणि स्वामी कुवलयानंदांचें लोणावळ्याचें कैवल्यधाम १९२४ सालचें. इतका वारसा असतां आमची सूचना एवढीच कीं, शंभरानें आरंभ करूं नये. पहिल्या आठवड्यांत रोज सहा घालावेत व दर आठवड्यास दोन वाढवावेत. तीन महिन्यांत ते तीसपर्यंत जातात, आणि अंगवळणीं पडलेले तीस हे मोडलेल्या शंभरांहून पुष्कळ बरे. हृद्रोग, रक्तदाब अथवा पाठीचें दुखणें असणाऱ्यांनीं मात्र प्रथम डॉक्टरांस विचारावें.

घरांतील स्त्रियांस "कामानें व्यायाम होतोच" असें सांगून वाटेस लावण्याची पद्धत आहे. श्रम होतात यांत शंका नाहीं. परंतु ओट्यापुढें तासन्‌तास उभें राहिल्यानें पाय सुजतात, श्वासाची शक्ति वाढत नाहीं. मोकळ्या हवेंत, दुसऱ्या कोणाच्या हांकेकडे कान न ठेवतां, स्वतःच्या गतीनें अर्धा तास चालावयास मिळणें ही निराळी वस्तु आहे. तेवढा वेळ घरानें त्यांस मोकळा करून दिला पाहिजे.

सायकल

ज्यांस व्यायामासाठीं निराळा वेळ काढतां येत नाहीं, त्यांच्यासाठीं सायकल हें उत्तम साधन आहे. कारण तींत जाणें-येणें आणि व्यायाम हीं दोन्हीं कामें एकाच वेळीं होतात. आमच्या बेलापुरास तर तिची गरज रेल्वेनेंच लावून दिली. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला आणि एका स्थानकास बेलापूर हें नांव मिळालें. परंतु तें स्थानक प्रवरेकांठच्या आमच्या गांवांत नसून सहा-सात किलोमीटरांवर, आज जेथें श्रीरामपूर शहर वसलें आहे तेथें आहे. बेलापूरकरांस बेलापूर स्थानकावर जावयाचें तर वाट तुडविणें भाग पडे. आज शाळा-महाविद्यालय, बाजार व कचेऱ्या यांसाठीं हीच वाट आहे. बेताच्या गतीनें सायकलीवरून हें अंतर अर्ध्या तासाच्या आंत-बाहेर कापलें जातें. आठवड्यांतून तीन दिवस जरी सायकलनें जाऊन आलें, तरी वर सांगितलेलीं १५० मिनिटें सहज भरतात.

महाराष्ट्राचा सायकलीशीं संबंध जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें, आणि पुढील किर्लोस्कर उद्योगाचा उगम त्या दुकानांतच आहे. योगायोग असा कीं, बेलफास्ट येथें जॉन डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं केलेल्या हवेच्या टायरचें पेटंट त्याच वर्षीं, १८८८ सालीं, घेतलें. तोंपर्यंतच्या भरीव चाकांची सायकल हाडें खिळखिळीं करीत असे. टायरांतील हवेनें ती सुखाची झाली. तेव्हां सायकलीचें पहिलें आरोग्य म्हणजे तिच्या चाकांतील हवा. टायरच्या कडेवर किती दाब असावा तें छापलेलें असतें. आठवड्यांतून एकदां तितकी हवा भरावी. हवा कमी असली म्हणजे पाय थकतात, ट्यूब चिमटली जाऊन पंक्चर होते, आणि दोष मात्र सायकल चालविणाऱ्याच्या वयास दिला जातो.

दुसरी गोष्ट सीटची. एकत्र कुटुंबांत सायकल एक आणि चालविणारे चार असतात. सीट बसविलेली असते घरांतील सर्वांत उंच पुरुषाच्या मापानें. तीवर आठवींतील मुलगी बोटांच्या टोकांनीं पायडल शोधीत शाळेस जाते. किंवा उलट, सीट इतकी खालीं असते कीं, आजोबांचे गुडघे छातीकडे येतात, व पंधरा दिवसांनीं "सायकलनें गुडघे दुखतात" असें म्हणून ते ती सोडतात. योग्य उंची पाहण्याची रीत सोपी आहे. एकानें सायकल धरावी, दुसऱ्यानें सीटवर बसून टांच पायडलवर ठेवावी व पायडल अगदीं खालीं न्यावें. त्या स्थितींत पाय सरळ झाला तर उंची बरोबर समजावी. प्रत्यक्ष चालवितांना आपण टांचेनें नव्हे, चवड्यानें पायडल दाबतों; त्यामुळें गुडघ्यांत हवा तेवढा किंचित् बांक आपोआप राहतो. सीटखालच्या दांडीवर घरांतील प्रत्येकाच्या मापाची निरनिराळ्या रंगाची रेघ ओढून ठेवावी. सीट वर-खालीं करावयास एक मिनिट पुरतें. दांडीवर कारखान्यानें कमाल उंचीची खूण केलेली असते, तिच्यापलीकडे मात्र ती ओढूं नये.

तिसरी गोष्ट निगेची. चेन कोरड्या फडक्यानें पुसून तिच्या प्रत्येक कडीवर पातळ यंत्राचें तेल थेंबथेंब सोडावें, आणि वर राहिलेलें तेल पुसून घ्यावें. नाहींतर धूळ धरून त्याचाच चिखल होतो. खोबरेल अथवा गोडें तेल वापरूं नये, तें कालांतरानें चिकट होतें. ब्रेकचे रबर झिजले कीं बदलावेत. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढें ढकलून पाहावी. चाक फिरलें तर ती रस्त्यावर काढूं नये. चेनला कव्हर व मागील चाकास जाळी असावी, म्हणजे ओढणी, पदर किंवा धोतर अडकत नाहीं.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण तिच्यावर जीव अवलंबून असतो. आमचा मुलूख उसाचा. दिवाळीच्या सुमारास गाळपाचा हंगाम सुरू झाला म्हणजे उसानें भरलेले ट्रॅक्टर व त्यांच्यामागें जोडलेल्या ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यानें जातात. कित्येक ट्रॉल्यांस मागें दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंस बाहेर आलेला असतो, आणि त्यांस ओलांडून जाणारी मोटार सायकलस्वारास शेवटच्या क्षणीं पाहते. सायंकाळच्या शिकवणीहून परतणारी आपलीं मुलें याच रस्त्यावर असतात. म्हणून पुढें पांढरा दिवा, मागें तांबडा दिवा, मागील मडगार्डवर व पायडलांवर चकाकणाऱ्या पट्ट्या, वाजणारी घंटी, आणि डोक्यास हेल्मेट, एवढें झाल्याखेरीज अंधार पडल्यावर सायकल घराबाहेर जाऊं देऊं नये. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटें असावें व पट्टा हनुवटीखालीं एक-दोन बोटें जातील इतकाच सैल असावा. मागें सरकवून टोपीसारखें घातलेलें हेल्मेट कपाळ राखीत नाहीं, आणि एकदां जोरानें आपटलेलें हेल्मेट वरून चांगलें दिसलें तरी पुन्हां वापरूं नये. मुलाच्या वाढदिवसास आपण हजारों रुपये सहज खर्चितों. त्यांतील थोडे या वस्तूंकडे वळवावेत.

आरंभ कसा करावा

हें सर्व एका दिवशीं करूं नये. तसें केल्यास आम्हीं आरंभीं वर्णिलेली गत होईल. पहिल्या आठवड्यांत केवळ दोन गोष्टी कराव्यात : रात्रीचें जेवण अर्धा तास आधीं, आणि मोबाईल खोलीबाहेर. दुसऱ्या आठवड्यांत सकाळच्या पाण्याची व डब्यांची पाळी लावावी, व ती दिनदर्शिकेवर नांवानिशीं लिहावी. तिसऱ्या आठवड्यांत प्रत्येकानें आपापल्या अर्ध्या शक्तीचा व्यायाम सुरू करावा; वृद्धांनीं भिंतीशीं, मुलांनीं अंगणांत, तरुणांनीं सतरंजीवर, स्त्रियांनीं मोकळ्या रस्त्यावर. चौथ्या आठवड्याच्या रविवारीं घरांतील सायकल अंगणांत काढून सर्वांनीं मिळून तिची चेन पुसावी, हवा भरावी, दिवे लावावेत आणि दांडीवर मापाच्या रेघा ओढाव्यात.

महिना संपल्यावर घराची प्रगति तपासावयाची झाल्यास प्रथम वजनकांटा पाहूं नये. घरांत सर्वांत उशिरां निजणारें माणूस आतां किती वाजतां निजतें, तें पाहावें. तेथें अर्धा तास जरी सुधारला असेल, तरी बाकीचें आपोआप मार्गास लागेल.